नऊ नंबरचा दोष

दोन हजार एकोणचाळीस सालच्या फेब्रुवारीत एका यंत्रानं मला नादुरुस्त ठरवलं. म्हणजे माझा गुडघा किंवा माझी पाठ नव्हे. ती कामं आमच्या डॉक्टरांनी आधीच उरकली होती. यंत्रानं अख्खी मीच नादुरुस्त ठरवली आणि तसा कागदही छापून दिला : 'उपकरण क्रमांक ९. दोष वारंवार. वर्ग मोठा. उपाय : काढून टाकावे.'

उपकरण क्रमांक नऊ म्हणजे मी, शालन कुराडे. गडहिंग्लजच्या अलीकडं तांबजाई दूध संघ आहे, तिथली टेलिफोन ऑपरेटर. नोकरी एकोणतीस वर्षं, निवृत्तीला तीन बाकी.

आता तुम्ही म्हणाल, एकोणचाळीस सालात टेलिफोन ऑपरेटर कुठली आली? आली बरं का. आमच्या संघात मोबाइल फाटकावरच काढून घेतात. अमोनियाच्या खोलीत ठिणगीची भीती, दुधाच्या खोल्यांत घाणीची भीती, आणि लोणीघराच्या भिंती अशा फूटभर जाड, दोन्ही बाजूंनी पत्रा ठोकलेला, की मोबाइल नेला तरी आत मुका होतो. म्हणून सगळीकडं भिंतीवरचे तारेचे फोन. एकशे बेचाळीस. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक खोली, एक टेबल, एक खुर्ची आणि मी.

आमच्याकडं फोन उचलायची रीत नाही. कारण सोपं आहे. क्रेट धुणाऱ्याचे हात ओले, बॉयलरवाल्याचे काळे, लोणीघरवाल्याच्या हातात कोपरापर्यंत मोजे. रिसिव्हर धरायचा कुणी? त्यामुळं मी लागायच्या आधीपासून तिथं घंट्या मोजायचा रिवाज. एक घंटी देऊन बंद केला, तर 'निघालो'. दोन, तर 'पोचलो'. कँटीनच्या सुलाबाई एक घंटी देत, की चहा निघाला. दोन, की पोचला. टँकरचं तसंच, साहेबांच्या गाडीचंही तसंच. साहेबांना हे माहीत नव्हतं एवढंच.

आणि तीन घंट्या म्हणजे धावा. जो फोनजवळ असेल त्यानं तेव्हा मात्र हात कसेही असोत, रिसिव्हर उचलायचा आणि एकच शब्द विचारायचा, "कुठं?" माझ्या एकोणतीस वर्षांत हे तीनदा झालं असेल.

ह्या घंट्यांमधली सगळ्यात मोलाची घंटी होती शिवाप्पा हत्तरकींची. लोणीघर त्यांच्याकडं. आत उणे वीस अंश. पंचवीस मिनिटांच्या वर माणसानं आत थांबायचं नाही असा नियम. शिवाप्पा आत शिरताना दाराबाहेरच्या फोनवरून मला एक घंटी देत, बाहेर आले की दोन. एक आली की मी टेबलावरचा माझा स्टीलचा पेला पालथा घालायची. दोन आल्या की सुलटा करायची. पेला पालथा आहे तोवर मी पाणी प्यायची नाही, म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही. दिवसातनं पाच-सहा वेळा, एकोणीस वर्षं. एवढ्या काळात आम्ही समोरासमोर बोललो असू ती वाक्यं दोन हातांच्या बोटांवर मावतील. सुलाबाई चेष्टा करायच्या, "काय गं शालन, आज किती बोलला तुझा शिवाप्पा?" मी म्हणायची, "पंधरा घंट्या बोलला. तुझा नवरा वर्षात बोलत नाही तेवढं."

तर अशा ठिकाणी ते यंत्र आलं.

ते घेऊन आली ऋजुता नावाची पोरगी, वय सव्वीस, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतली इंजिनिअर. जुन्या एक्स्चेंजच्या जागी तिनं फ्रिजएवढं एक राखाडी कपाट बसवलं आणि मला समोर बसवून समजावून सांगितलं. पोरगी गुणाची. माझ्या वयाच्या बाईला समजावताना माणसं उगाच मोठ्यानं बोलतात, ही तशी बोलली नाही.

"मावशी, दर चार मिनिटांनी हे यंत्र प्रत्येक फोनच्या तारेत एक अगदी बारीक वीज सोडतं," ती म्हणाली, "आणि ती परत कशी येते ते बघतं. तार ओली असेल तर वीज वेगळी येते, गंजली असेल तर वेगळी, उंदरानं कुरतडली असेल तर वेगळी. जगभरातल्या चार कोटी बिघाडांची उदाहरणं ह्याला शिकवलीत. त्यामुळं बिघाड झाला की हे तीन गोष्टी लिहितं. एक, कुठं झाला. दोन, कसा आहे : एकदाच झालेला, वारंवार होणारा की कायमचा. तीन, किती मोठा : किरकोळ, मोठा की गंभीर. किरकोळ असेल तर नुसतं लिहून ठेवतं, मोठा असेल तर अहवालात घालतं, गंभीर असेल तर भोंगा वाजवतं."

"आणि माणसाचा बिघाड?"

"माणूस तारेत नसतो ना, मावशी."

"अगं, फोनच्या दोन्ही टोकांना माणूसच असतो की."

ती हसली. पण नंतर तिनंच कबूल केलं, की यंत्र माणसालाही मोजतं, फक्त त्याला ते माणूस म्हणत नाही. घंटी वाजली आणि कुणी उचलायच्या आत बंद झाली, तर ह्याच्या हिशेबी कुठलं तरी उपकरण बिघडलेलं. एखाद्या फोनवर असं दिवसात दोन-तीनदा झालं तर चालतं. आमच्याकडं पहिल्याच दिवशी पाचशे चौदा वेळा झालं. त्यातले निम्म्याहून जास्त माझ्या टेबलावर.

सगळ्यांची नोंद ठेवतो म्हणून सुलाबाईंनी त्याचं नाव तलाठी ठेवलं, आणि तेच चिकटलं. तलाठ्याच्या मते जगातलं सगळ्यात आजारी एक्स्चेंज आमचं होतं, आणि आजाराचं मूळ नऊ नंबर.

खराडेसाहेब, म्हणजे आमचे व्यवस्थापकीय संचालक, स्वभावानं वाईट नाहीत. फक्त छापील कागद हातात आला की त्यांना त्यातलं सगळं खरं वाटतं. त्यांनी मला बोलावलं.

"कुराडेबाई, यंत्र म्हणतंय की तुमचं टेबल काढलं तर दोष निम्म्यानं कमी होतील."

"साहेब, घर पाडलं तर गळकं छपर पण राहत नाही."

ते मनापासून हसले. पण कागद काही त्यांनी खाली ठेवला नाही. शेवटी ठरलं ते असं : तीस दिवस. तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तलाठी शेवटच्या आठवड्याचा अहवाल काढेल. त्यात नऊ नंबरवर मोठा दोष एकही नसेल, तर टेबल राहील. असेल, तर टेबल जाणार, आणि मला पॅकिंगच्या हॉलमध्ये लेबलं तपासायला बसवणार. मी म्हटलं, साहेब, ह्या घंट्या बिघाड नाहीत, बोलणं आहे. ते म्हणाले, "मग नीट बोला ना. फोन उचलून बोला." आता ओल्या हातांच्या चारशे माणसांना काय शिकवणार मी?

मी खोलीत आले आणि खुर्चीत बसले. लाकडी खुर्ची, एका बाजूनं झिजलेली, माझ्याच बसण्यानं. नवरा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी ह्याच खुर्चीत येऊन बसले होते, कारण घरात आवाज नव्हता आणि इथं होता. ती सोडून लेबलं बघायची? मला रडू आलं. सांगायला लाज कसली, चांगलं पाचेक मिनिटं रडले, तेवढ्यात बाहेरून मुंबईचा फोन आला आणि डोळे पुसून माझ्या दुसऱ्या, ऑपरेटरच्या आवाजात म्हटलं, "तांबजाई दूध संघ, नमस्कार."

बातमी लपून राहते कुठं? दोन दिवसांनी सकाळी मी येऊन बसले तर शांतता. चहा निघाल्याची घंटी नाही. चहा मात्र आला. टँकर आले, घंटी नाही. मला वाटलं, तारा तुटल्या. ऋजुताला विचारलं, तर ती म्हणाली, सगळं उत्तम चाललंय, दोष झपाट्यानं कमी होतायत! मग वाटलं, माणसं रुसली आपल्यावर. दुपारी कँटीनला जाऊन सुलाबाईंना धरलं.

"काय झालंय काय सगळ्यांना?"

"गप बस," त्या कढईतनं मान वर न काढता म्हणाल्या. "तुझी खुर्ची वाचवतोय आम्ही. फाटकापासनं बॉयलरपर्यंत निरोप दिलाय. महिनाभर कुणी घंटी द्यायची न्हाई. जो देईल त्याला चहा बंद."

ह्या माणसांना काय म्हणावं! एवढ्या मोठ्या संघात रोज सगळे धावत निरोप पोचवत होते, चहाची किटली घेऊन पोरी ओरडत फिरत होत्या, टँकरवाले फाटकावर हॉर्न वाजवत होते, आणि सगळ्यांची तोंडं कशी, लग्नघरात अंगावर कामं घेतलेल्या माणसांसारखी. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू. त्याच वेळी खोलीत इतकं सुनं वाटायला लागलं, की मी पडद्यावरची तलाठ्याची यादी वाचायला लागले. दुसऱ्याच्या टेबलावर पेपर असतो तशी ती माझ्या टेबलावर. मोठे दोष वाचून संपले, की किरकोळ दोषांचं पान. कुठली तार ओली झाली, कुठला स्प्रिंग आखडला. वाचून वाचून मला फोनांचे स्वभाव कळायला लागले.

शिवाप्पांची घंटी मात्र चालू होती. एक. पेला पालथा. दोन. पेला सुलटा. अहवालात रोज दहा-बारा दोष तेवढ्याचेच.

बाविसाव्या दिवशी ते स्वतः आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीच्या दारात. जाड कोट, मिशीवर अजून बर्फाचे कण, हातात मोजे. आत यायला संकोच वाटत होता त्यांना.

"बाई, उद्यापासनं घंटी देणार न्हाई."

"असं कसं? तुमची गोष्ट वेगळी. तुमची घंटी चहाची नाही."

"सगळ्यांनी बंद केली. आता उरलोय मी एकटा. माज्या पायी तुमची खुर्ची गेली तर मला त्वांड दाखवायला जागा न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "दारावर वही हाय की. त्यात लिवतो आत गेल्याचं."

त्या वहीत कोण बघतं हे मला माहीत होतं. कुणीही बघत नाही. मी म्हणायला पाहिजे होतं, की शिवाप्पा, खुर्ची गेली खड्ड्यात, घंटी द्या. माझ्या तोंडात आलंही होतं. पण मी म्हटलं नाही. आठच दिवसांचा प्रश्न, असं मनाशी म्हटलं आणि गप्प बसले. खुर्ची मला हवी होती. ही गोष्ट सांगताना मला हेच सगळ्यात जड जातं, म्हणून ते आताच सांगून टाकते.

आठ दिवस पेला सुलटा राहिला. मी त्यातनं हवं तेव्हा पाणी प्यायले, आणि ते काही गोड लागलं नाही.

तिसावा दिवस उजाडला. आठवडाभर मोठे दोष शून्य. खराडेसाहेबांना एवढा आनंद झाला, की त्यांनी चार वाजता सगळ्यांना झेंड्याच्या चौकात बोलावलं, लाउडस्पीकर लावला, संघाचे पेढे वाटायला काढले. पाच वाजता अहवाल वाचायचा आणि मला पुष्पगुच्छ द्यायचा असा बेत. मी टेबलावरच थांबले, कारण बाहेरचे फोन येतच असतात. ऋजुता माझ्याशेजारी बसून घड्याळ बघत होती. माझ्याहून तीच जास्त घाबरली होती.

"मावशी, चार अडतीस. अजून बावीस मिनिटं. कशाला हात लावू नका हं."

"नाही लावत बाई." मी म्हटलं आणि सवयीनं किरकोळ दोषांचं पान उघडलं.

'१६:२१. फोन ३३१. हुक थरथरतो, ३ वेळा. कारण थंडी. वर्ग किरकोळ.'

'१६:२२. फोन ३३१. हुक थरथरतो, ३ वेळा. कारण थंडी. वर्ग किरकोळ.'

'१६:२३...'

पान भरलं होतं.

"ऋजुता, तीनशे एकतीस म्हणजे लोणीघराच्या आतला फोन ना?"

"हो. गारठ्यानं त्याच्या हुकाचा स्प्रिंग आखडतो. तशी नोंद येते कधी कधी. दुरुस्तीची गरज नसते."

"आखडतो हे कबूल. पण बाई, आखडलेला स्प्रिंग दर मिनिटाला मोजून तीनदाच कसा थरथरतो?"

ती पडद्याकडं वाकली. मला मात्र कळलं होतं. त्या गारठ्यात फोनची बटणं दाबली जात नाहीत, हे शिवाप्पांनीच मागं कळवलं होतं. बोलायची जाळी बर्फानं भरते. हलतो तो फक्त हुक, रिसिव्हर टांगायचा. माणूस आत अडकला असेल, तर त्याच्या हातात तेवढंच उरतं. तीन. थांबायचं. तीन. थांबायचं.

"आतलं धोक्याचं बटण?" मी विचारलं.

"त्याची तार... नव्या यंत्राला जोडायची म्हणून सोडवली होती. परवा जोडणार होते."

मी लोणीघराच्या बाहेरचा फोन लावला. वाजतोय, कुणी नाही. गोदाम लावलं. कुणी नाही. अमोनियाची खोली. तिथला पहारेकरी पण पेढा खायला गेलेला. सगळा संघ चौकात, लाउडस्पीकरच्या आवाजात. चौक माझ्या खोलीपासून तीनशे पावलं, आणि माझे गुडघे असे.

माझ्या टेबलावर कोपऱ्यात एक लाल बटण आहे. ते दाबलं, की एकशे बेचाळीस फोन आणि खात्याखात्याच्या भिंतींवरच्या मोठ्या घंट्या एकदम वाजतात. मी बोट त्याच्यावर ठेवलं.

"मावशी," ऋजुता हळू आवाजात म्हणाली, "एकशे बेचाळीस मोठे दोष. सगळे नऊ नंबरवर. अहवाल मला थांबवता येणार नाही."

खरं सांगते, बोट थांबलं. एक श्वासभर थांबलं. मग मला पेला दिसला. सुलटा, पाण्यानं अर्धा भरलेला.

मी बटण दाबलं. एक. सोडलं. दोन. सोडलं. तीन.

चौकात काय झालं ते मला नंतर कळलं. खराडेसाहेब म्हणत होते, "आज आपला संघ दोषमुक्त," आणि 'मुक्त' म्हणता म्हणता चारी बाजूंनी घंट्यांचा कल्लोळ झाला. तिसरी घंटी विरली तशी सुलाबाईंच्या हातातलं पेढ्याचं ताट खाली पडलं. त्या अंगानं भारदस्त, पण फाटकाच्या फोनपर्यंत त्या सगळ्यांच्या आधी पोचल्या.

"कुठं?"

माझा ऑपरेटरचा आवाज कुठल्या कुठं गेला. "लोणीघर! शिवाप्पा आत अडकलाय गं, पळा!"

चारशे माणसं पळाली. साहेब पण पळाले, हातात पुष्पगुच्छ घेऊन. दार बाहेरून लगेच उघडलं. आतली मूठ तुटून खाली पडली होती, एवढंच झालं होतं. शिवाप्पा फोनखाली पोत्यांवर उभे होते, पाय आपटत, एका हाताची बोटं काखेत आणि दुसऱ्या हाताचा अंगठा हुकावर. चाळीस मिनिटं झाली होती. अजून पंधरा झाली असती तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी पोचले तेव्हा त्यांना तीन घोंगड्यांत गुंडाळून उन्हात बसवलं होतं आणि सुलाबाई हळद घातलेलं गरम दूध पाजत होत्या. मला बघून ते दातांवर दात आपटत म्हणाले,

"बाई, तु-तुमची खुर्ची गेली की ओ."

"मेल्या!" मी ओरडले. चारशे माणसांसमोर, ज्या माणसाला कधी एकेरी हाक मारली नव्हती त्याला. "खुर्चीचं काय घेऊन बसलायस? घंटी का दिली नाहीस? आणि मी पण मुखदुर्बळ, तुला बंद करू नको म्हटलं नाही!" आणि तिथंच त्यांच्या शेजारी फतकल मारून रडायला लागले. सुलाबाईंनी उरलेलं दूध मला पाजलं.

पाच वाजता तलाठ्यानं बिनचूक अहवाल काढला. 'नऊ नंबर : मोठे दोष एकशे बेचाळीस. उपाय : काढून टाकावे.' खराडेसाहेबांनी तो कागद हातात घेतला. पुष्पगुच्छातली अर्धी फुलं पळताना गळाली होती. त्यांनी कागद वाचला, शिवाप्पांकडं बघितलं, परत वाचला. छापील कागदातलं सगळं खरं नसतं हे त्यांना बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि उरलेली फुलं मला दिली.

"कुराडेबाई, ह्या घंट्या काय आहेत ते मला पहिल्यापासून सांगा."

"माझ्या गाडीची पण घंटी असायची?" सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं.

"असायची की, साहेब. निघालात की एक, पोचलात की दोन."

पण खरं काम केलं ते ऋजुतानं. ती दोन दिवस माझ्या खोलीतनं हलली नाही. तार सोडवून ठेवल्याचं तिनं कुणी विचारायच्या आत साहेबांना स्वतः सांगितलं होतं, आणि धोक्याचं बटण त्याच संध्याकाळी जोडलं होतं. मग म्हणाली, "मावशी, यंत्रानं ऐकलं होतं. एक-एक थाप लिहून ठेवली होती. फक्त त्याचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. आता तुम्ही सांगा."

मी सांगत गेले आणि ती शिकवत गेली. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, तीन म्हणजे काय. मग ती म्हणाली, की आता ह्याला उलटी गोष्ट शिकवायची. आजवर यंत्र जे झालं तेवढंच लिहायचं. आता लोणीघरातनं एक घंटी आली आणि पंचवीस मिनिटांत दोन आल्या नाहीत, तर ती न आलेली घंटी लिहायची, आणि तो दोष गंभीर धरायचा. जे झालंच नाही त्याची नोंद! मला एकदम पटलं. माझा पेला दुसरं काय करत होता?

शेवटी तलाठी एका जागी अडला. पडद्यावर प्रश्न आला : 'नवा प्रकार. किरकोळ नाही, मोठा नाही, गंभीर नाही. वर्गाचे नाव द्या.'

ऋजुतानं माझ्याकडं बघितलं. मला विचार करावा लागला नाही.

"लिही," मी म्हटलं, "खुशाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुलाबाईंची एक घंटी आली. पडद्यावर उमटलं : 'कँटीन. एक घंटी. वर्ग खुशाली. उपाय : काही नको.' त्यापाठोपाठ फाटक, बॉयलर, क्रेटवाले. महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. दुपारपर्यंत सातशे खुशाल्या झाल्या. शिवाप्पा आठवडाभर रजेवर होते. ते परत आले त्या दिवशी पहिली एक घंटी आली आणि मी पेला पालथा घातला.

मेमध्ये माझ्या भाचीचं निपाणीत लग्न होतं. बऱ्याच वर्षांनी मी एक दिवसाची रजा घेतली. तलाठी सगळं बघतोय, काळजी कसली, असं सगळ्यांनी सांगितलं. पंगतीला बसले, पान वाढलं, जिलबी आली, तेवढ्यात खराडेसाहेबांचा फोन.

"कुराडेबाई, हा भोंगा बंद कसा करायचा? सकाळपासून कोकलतोय!"

"काय लिहिलंय त्यानं?"

साहेबांनी वाचून दाखवलं. "उपकरण क्रमांक नऊ. माणूस जागेवर नाही. वर्ग गंभीर. उपाय : परत आणावे."

मी एवढ्यानं हसले, की शेजारच्या विहीणबाई दचकल्या. साहेबांना म्हटलं, ठेवा, बघते. माझ्या मोबाइलवरनं संघाला नऊ नंबर लावला, दोन घंट्या दिल्या आणि बंद केला. मिनिटात साहेबांचा निरोप आला : भोंगा थांबला, पडद्यावर 'नऊ नंबर पोचल्या. वर्ग खुशाली' असं आलंय.

मी जिलबीला हात घालणार, तर मोबाइल एकदा वाजला आणि बंद झाला. नंबर लोणीघराच्या दाराबाहेरचा. तलाठी राखणीला होता, तरी ह्या माणसानं मला कळवल्याशिवाय आत पाऊल टाकलं नव्हतं. मी पानाशेजारचा पेला उचलला आणि पालथा घातला.

पाण्याचं भांडं घेऊन फिरणारी बाई माझ्यापाशी थांबली. "मावशी, पाणी नको?"

"नको गं अजून. पुढं जा."

पंगत उठली, दुसरी बसली. मी काही जागची हलले नाही. भाचीच्या सासरचे माझ्याकडं बघून काय म्हणत असतील ते म्हणोत. बावीस मिनिटांनी फोन वाजला. दोनदा.

मी पेला सुलटा केला आणि त्या बाईला हाक मारली, "ये आता. वाढ भरून."